सतरा नावांची यादी : संख्याशास्त्राच्या एम.एससी.साठी अर्ज कुठं भरायचे, याचं एक प्रकरण

ऑगस्ट २०२२ मध्ये बी.एससी. भाग तीनच्या एका विद्यार्थिनीनं स्टाफरूममध्ये माझ्यासमोर वहीचं पान ठेवलं. पानावर सतरा संस्थांची नावं होती. काही निळ्या पेनानं, काही लाल पेनानं, दोन-तीन नावांपुढे चांदण्या. "मॅडम, यातल्या कुठं कुठं फॉर्म भरू?"

मी साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. हा प्रश्न दरवर्षी येतो आणि बहुतेक वेळा घाईत उत्तर देऊन मोकळं व्हावं लागतं. या वेळी मात्र पुढचे अकरा महिने मी तिच्याबरोबर होते आणि टिपणं ठेवत गेले. तिच्या आणि तिच्या घरच्यांच्या परवानगीनं ते सगळं इथं लिहिते आहे. नाव देत नाही.

मुलगी खटाव तालुक्यातली. वडील एस.टी.त कंडक्टर, आई शेतात. बारावीची परीक्षा २०२० मध्ये टाळेबंदीच्या तोंडावर दिलेली. त्यामुळे बी.एससी.चं पहिलं वर्ष जवळजवळ पूर्ण मोबाइलवर गेलं आणि त्या वर्षीचं कॅल्क्युलस तिनं घराच्या पत्र्यावर चढून, रेंज पकडून ऐकलं होतं. पहिल्या दोन वर्षांत गणित होतं. तिसऱ्या वर्षी तेव्हा एकच मुख्य विषय घ्यावा लागायचा. तिनं संख्याशास्त्र घेतलं आणि गणित सुटलं. ही गोष्ट साधी वाटते, पण पुढचा सगळा पेच इथूनच सुरू होतो. भाग तीनच्या गणितात जे शिकवतात, म्हणजे रिअल ॲनालिसिस, लिनियर अल्जेब्रा, ग्रुप थिअरी, ते संख्याशास्त्र घेणाऱ्या मुलांच्या वाट्याला येत नाही. आणि एम.एससी.च्या चांगल्या प्रवेश परीक्षा नेमक्या तिथंच धरतात.

यादी कशी तयार झाली, ते मी आधी विचारलं. चार नावं एका क्लासच्या पत्रकातून आली होती. पाच-सहा इंटरनेटवरच्या क्रमवारीतून. दोन पुण्यात आय.टी.त असलेल्या चुलतभावानं सांगितलेली. दोन्ही खासगी विद्यापीठं, डेटा सायन्सच्या एम.एससी.ची, दोन वर्षांची फी आठ-नऊ लाखांच्या घरात. अमेरिकेतली तीन विद्यापीठं. पत्रकातली आणि क्रमवारीतली नावं म्हणजे मुंबईची टी.आय.एफ.आर. (टाटा मूलभूत संशोधन संस्था), चेन्नईजवळचं सी.एम.आय. (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट), कोलकात्याची आय.एस.आय. (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) आणि काही आयआयटी. आणि सगळ्यांत शेवटी, बारीक अक्षरात, पुणे, मुंबई आणि शिवाजी विद्यापीठ. प्रत्येक नाव कुणीतरी चांगल्या मनानंच सांगितलेलं होतं. पण तिला काय करायला आवडतं, यावरून आलेलं त्यात एकही नव्हतं.

मी म्हटलं, "फॉर्म नंतर. गणपतीच्या सुट्टीत तीन दिवस माझ्याकडे ये."

तीन दिवस, तीन पेपर

आयआयटी आणि आणखी बऱ्याच संस्थांचे एम.एससी. प्रवेश 'जॅम' या परीक्षेतून होतात. त्यात गणिताचा पेपर वेगळा आणि मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा वेगळा. दोन्ही तीन तासांचे, साठ प्रश्नांचे, शंभर गुणांचे. त्या वर्षी दोन्ही पेपर एकाच दिवशी होते, गणित सकाळी आणि संख्याशास्त्र दुपारी, म्हणजे वाटलं तर दोन्ही देता येत होते. मुलींना तेव्हा एका पेपरची फी ९०० रुपये होती, दोन पेपर दिले तर १,२५०. साडेतीनशे रुपयांच्या फरकानं बरीच मुलं "दोन्ही देऊन बघू" म्हणतात. फी परवडते, पण अभ्यासाचे महिने दोघांत वाटले जातात, आणि ते परवडत नाहीत.

पहिल्या दिवशी मी तिला गणिताचा जुना पेपर दिला. दुसऱ्या दिवशी संख्याशास्त्राचा. तिसऱ्या दिवशी आय.एस.आय.च्या एम.स्टॅट. या पदव्युत्तर पदवीच्या प्रवेश परीक्षेचा दुपारचा पेपर, ज्याला मुलं पी.एस.बी. म्हणतात. त्यात पर्याय नसतात. कोऱ्या पानावर पूर्ण उत्तर लिहावं लागतं.

गणिताच्या पेपरात दोन तासांनी तिनं पेन खाली ठेवलं. ग्रुप थिअरीचे सगळे प्रश्न कोरे. त्यावरून काही ठरवणं अन्यायाचं झालं असतं, कारण तो भाग तिला कुणी शिकवलेलाच नव्हता. म्हणून सुट्टीनंतर मी तिला दोन आठवडे ग्रुप थिअरी शिकवली. तिनं नेमानं केली, उदाहरणं सोडवली, वही सुबक ठेवली. पण त्या दोन आठवड्यांत ती स्वतःचा असा एकही प्रश्न घेऊन आली नाही. मी ही खूण फार महत्त्वाची मानते. गुण मेहनतीनं वाढतात. प्रश्न मेहनतीनं पडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी संख्याशास्त्राचा पेपर सोडवून ती जेवायला बसली आणि एका अंदाजकाच्या, म्हणजे नमुन्यावरून अज्ञात संख्येचा अंदाज देणाऱ्या सूत्राच्या, प्रश्नावर अडली. मॅक्झिमम लाइकलिहुडनं, म्हणजे हाती आलेला नमुना ज्या किमतीला सगळ्यांत जास्त संभवतो ती किंमत धरून, इथं येणारं उत्तर नेहमी कमीच पडतं, तर ते "चांगलं" कसं म्हणायचं? मी तिला म्हटलं, वडिलांकडे जुनी तिकिटं असतील ना? मशिन येण्याआधी कंडक्टरकडे कागदी तिकिटांचे गठ्ठे असायचे, नंबर छापलेले. समज, एकपासून सलग नंबर छापलेल्या एका गठ्ठ्यातली चार तिकिटं तुला रस्त्यावर सापडली. नंबर २३, ४१, ६८ आणि ११२. गठ्ठ्यात एकूण तिकिटं किती असतील?

ताटातला हात तसाच ठेवून ती पाच-सात मिनिटं गप्प बसली. मग बोटानं ताटाच्या कडेला रेघा ओढत म्हणाली, "११२ तर नक्कीच आहेत. पण सगळ्यांत मोठं तिकीट आपल्यालाच सापडलं, असं कशाला धरायचं? मॅडम, मधली न सापडलेली मोजली तर?" तिनं मोजली. पहिल्या नंबरच्या आधीची बावीस, मग सतरा, मग सव्वीस, मग त्रेचाळीस, एकूण १०८. चार खाचांत मिळून १०८, म्हणजे सरासरी सत्तावीस. "वरच्या टोकालाही तेवढीच खाच असणार. सगळ्या खाचा सारख्याच की. ११२ आणि २७, १३९."

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे रणगाडे किती, हे दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी हाती आलेल्या रणगाड्यांच्या अनुक्रमांकांवरून याच रीतीनं काढलं होतं. ते मी तिला सांगितलं. ती हरखली, पण लगेच पुढे विचारलं, "हा अंदाज किती हुकू शकतो, ते कसं सांगायचं?" त्या दिवशी जेवण साडेतीनला संपलं. मला माझ्यापुरतं उत्तर तिथंच मिळालं.

तिसऱ्या दिवशीच्या पेपरानं दुसरी बाजू दाखवली. संभाव्यतेचे प्रश्न तिनं छान लिहिले. पण सीमा (लिमिट) आणि इंटिग्रल यांची अदलाबदल कधी चालते, असं जिथं आलं, तिथं तिचं लिखाण तुटत होतं. "असं होतं" लिहिलेलं, "का होतं" नाही. पत्र्यावर ऐकलेल्या वर्षाची ती तूट होती. ती भरून काढल्याशिवाय आय.एस.आय. अवघड, आणि भरून काढली तर ती तिला कुठंही उपयोगी पडणार, हे आम्ही दोघींनी त्या दिवशी मान्य केलं.

नावं कशी गळाली

अमेरिकेची तीन नावं आधी गेली. तिथल्या बऱ्याच विद्यापीठांना सोळा वर्षांचं शिक्षण हवं असतं. आपली बारावी अधिक तीन वर्षांची पदवी पंधराच भरते. शिवाय तिथं पीएच.डी.ला प्रवेश मिळाला तर बहुधा फी माफ होते आणि शिकवण्याच्या कामाचं मानधन मिळतं. नुसत्या मास्टर्सचा खर्च मात्र घरचा असतो. वडिलांचे २०२१-२२ च्या एस.टी. संपातले महिने पगाराविना गेले होते. साठवण त्यातच संपली. कर्ज काढून मास्टर्सला जाण्याऐवजी इथं एम.एससी. करून मग थेट पीएच.डी.ला अर्ज करणं हा रस्ता खुला राहतो, हे तिला पटलं. ती नावं खोडू नकोस, पान उलटून मागच्या बाजूला लिहून ठेव, असं मी सांगितलं.

टी.आय.एफ.आर. शुद्ध गणिताकडे, संशोधनाकडे नेणारी, सी.एम.आय.च्या गणिताच्या प्रवेश परीक्षेत अल्जेब्रा आणि ॲनालिसिस दोन्ही पक्के लागतात. आधी ज्या खुणेबद्दल लिहिलं, ती पाहता दोन्ही सोडली. ग्रुप थिअरी करताना जिचे डोळे चमकले असते, अशा मुलीला मी याच्या उलट सांगितलं असतं, शिवाय राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या मदतीनं १९९३ पासून चाललेल्या एम.टी.टी.एस. या गणित प्रशिक्षणाच्या उन्हाळी शिबिराचा फॉर्म दुसऱ्या वर्षीच भरायला लावला असता. आपल्याकडच्या लहान गावांतल्या कितीतरी मुलांना गणित म्हणजे काय, ते तिथं पहिल्यांदा कळतं.

खासगी डेटा सायन्सची दोन नावं घालवणं सगळ्यांत अवघड गेलं, कारण तिथं प्रवेश सोपा होता आणि भाऊ ठाम होता. मी त्याला फोन केला. शांतपणे दोन्हीकडचा अभ्यासक्रम त्याच्यासमोर ठेवला. एका ठिकाणी संभाव्यता आणि अनुमान मिळून एकाच सत्रात उरकलेलं; बाकी सॉफ्टवेअरची साधनं. साधनं पाच वर्षांत बदलतात हे त्याला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. तो म्हणाला, "मॅडम, मी नोकरीच्या बाजूनं बघत होतो." त्याचं बघणं चुकीचं नव्हतंच. पण नऊ लाखांचं कर्ज घेऊन तिनं जे शिकलं असतं, ते चांगल्या एम.एससी. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षी ऐच्छिक विषयांत मिळतं.

उरलेल्या संस्थांची माहिती कशी वाचायची, यावर मात्र आम्ही बरेच दिवस घालवले. तिला मी सांगितलं, मुख्य पानावरचे फोटो सोड. आधी अभ्यासक्रमाची फाइल उघड आणि पहिल्या सत्रात काय आहे ते बघ. रिअल ॲनालिसिस आणि लिनियर अल्जेब्रा पहिल्याच सत्रात नीट शिकवत असतील, तर तुझी तूट तिथं भरून निघेल. तिथं थेट मेझर थिअरीनं, म्हणजे त्याच्या पुढच्या पायरीनं, सुरुवात होत असेल, तर उन्हाळ्यातच तयारी लागेल. मग शिक्षकांची यादी बघ. सध्या प्रत्यक्ष किती जण आहेत, कोण कशावर काम करतं, गेल्या पाच वर्षांत कुणाच्या हाताखाली प्रबंध झाले. नाव मोठं आणि निम्म्या जागा रिकाम्या, असं आपल्याकडे बऱ्याच विभागांत दिसतं. आणि शेवटी, तिथं आत्ता शिकत असलेल्या एखाद्या मुलीला फोन कर. तिनं फोन केले. "वर्गात प्रश्न विचारला तर चालतं का?" हा प्रश्न तिचा तिनंच जोडला होता. मला तो फार आवडला.

वडील, आणि बुधची एस.टी.

नोव्हेंबरमध्ये वडील कॉलेजात आले. ड्यूटी संपवून, खाकीतच. त्यांचा पहिला प्रश्न, "मॅडम, हे शिकून नोकरी लागंल का?" मी बँका, विमा कंपन्या, औषध कंपन्यांतल्या चाचण्या, सरकारची सांख्यिकी सेवा, प्राध्यापकी अशी सगळी दारं सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. दुसरा प्रश्न कोलकात्याचा होता. "एवढ्या लांब पोरगी कशी धाडायची?"

आय.एस.आय. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी १९३१ साली सुरू केली, संसदेनं १९५९ साली तिला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवलं, हे सांगून त्यांना काय वाटणार होतं? तिथं तेव्हा शिक्षणाची फी नव्हती आणि वर दरमहा आठ हजार विद्यावेतन मिळायचं, हे ऐकून ते थोडे थांबले. मग मला खटाव तालुक्यातल्याच बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ सुखात्मे आठवले. म्हटलं, "दादा, बुधला गाडी घेऊन जाता ना?" म्हणाले, "कैक वेळा." त्या बुधमध्ये १९११ साली पांडुरंग सुखात्मे जन्मले. लंडनला जाऊन संख्याशास्त्र शिकले, शेतीतल्या नमुना पाहणीवर जगभर नाव झालं, रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत मोठ्या पदावर होते, पद्मभूषण मिळालं. वडील बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. "बुधचा माणूस," एवढंच बोलले. होकार दिला नाही, पण परीक्षेला बसायला आडकाठीही केली नाही.

कागदपत्रांबद्दल एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण इथं दरवर्षी कुणीतरी अडकतं. तिच्याकडे राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर होतं. केंद्राच्या संस्थांना इतर मागास वर्गाचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि त्यांच्या अटीत बसणाऱ्या तारखेचा लागतो. जात केंद्राच्या यादीत आहे का, तेही आधी तपासावं लागतं. सेतूत दोन खेपा, मग तहसीलला एक. सप्टेंबरमध्ये सुरुवात केली म्हणून वेळेत हातात आला. फॉर्म भरायला बसल्यावर हे लक्षात येणं फार महागात पडतं.

शेवटी पाच ठिकाणं उरली. आय.एस.आय.चं एम.स्टॅट. 'जॅम'च्या संख्याशास्त्राच्या एकाच पेपरमधून मुंबई आणि कानपूर आयआयटी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. आणि शिवाजी विद्यापीठ. मुंबई विद्यापीठ आम्ही राहण्याच्या खर्चामुळे सोडलं. पुण्याचं नाव आता बारीक अक्षरात नव्हतं. कोल्हापूरचेच वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजहून शिकून आले आणि १९५३ साली त्यांनी पुणे विद्यापीठात गणित-संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. तिथून संख्याशास्त्राची जी परंपरा तयार झाली, ती देशात मानली जाते. जवळ आहे म्हणून आपण त्याला शेवटी लिहितो, ही सवय मला बोचते.

निकाल

'जॅम' १२ फेब्रुवारी २०२३ ला झाली. पेपर बरा गेला, पण क्रमांक दोन्ही आयआयटीतल्या मोजक्या जागांपर्यंत पोचला नाही.

मग आम्ही पी.एस.बी.कडे वळलो आणि इथं माझी चूक झाली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी तिला वेगाच्या सरावावर ठेवलं होतं. पर्याय, आकडी उत्तरं, घड्याळ. सिद्धता लिहिण्याचा सराव फेब्रुवारीनंतर सुरू केला. ही दोन वेगळी अंगं आहेत. पहिल्या सरावानं दुसरं आपोआप तयार होत नाही, उलट पायऱ्या गाळायची सवय लागते. रोज एक प्रश्न पूर्ण वाक्यांत लिहिणं गणपतीपासूनच चालू ठेवायला हवं होतं. मेमध्ये ती परीक्षेला बसली, लेखी पार केली, मुलाखतीचं बोलावणं आलं. वडीलच रजा काढून आझाद हिंद एक्स्प्रेसनं तिला घेऊन गेले. मुलाखतीत पहिले दोन प्रश्न तिनं सोडवले. तिसरा फलनांच्या क्रमिकेच्या अभिसरणाचा, म्हणजे एकामागून एक येणारी फलनं एका फलनाकडे कशी सरकतात याचा, होता. तिला उत्तर दिसत होतं, पण फळ्यावर ते कारणासकट मांडता आलं नाही. निवड झाली नाही.

परत आल्यावर ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तो प्रश्न पूर्ण सोडवून, दोन पानं लिहून, माझ्या टेबलावर ठेवून गेली.

पुणे आणि कोल्हापूर दोन्ही ठिकाणी नाव लागलं. कोल्हापूरला मावशीचं घर, राहण्याचा खर्च नाही, आई त्या बाजूनं. मी दोन्ही विभागांचा आदर करते आणि तिला तसं सांगितलंही. तिनं आपल्या टिपणांची वही काढली. पुण्याच्या पुढे फोनवरच्या मुलीचं एक वाक्य लिहिलेलं होतं : प्रश्न विचारला तर तास संपला तरी सर थांबतात. त्याखाली अनुमानाच्या ऐच्छिक विषयांची यादी. ती म्हणाली, "मला तिकिटांचा प्रश्न पुढे न्यायचाय." वसतिगृहाचा नंबर लागेपर्यंत भावाच्या खोलीवर राहायचं ठरलं. भावानंच गादी आणून ठेवली.

पुण्याच्या तिसऱ्या आठवड्यात वडिलांचा फोन आला. साताऱ्याच्या स्टँडवरून बोलत होते, मागं गाड्यांची घोषणा चालू होती. पोरीचं बरं चाललंय, रोज रात्री अकरापर्यंत लिहीत बसते, म्हणाले. मग जरा थांबून, "मॅडम, त्या कलकत्त्याला परत बसता येतं का?"

येतं म्हटलं. एम.एससी. झाल्यावर तिथं संशोधनासाठी फेलोशिप असते, तिची परीक्षा वेगळी.

"कधी असतीया ती?"